बुटांना परत परत बुरशी, सुटलेले सोल, कुबट वास: गोव्याच्या पावसाळ्यात नेमकं बिघडतं कुठे?

दरवर्षी चवथीच्या दोन दिवस आधी आमच्या घरात हा प्रसंग ठरलेला असतो. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, काय मिळालं, काय राहिलं यावर आईची उलटतपासणी चालू असते आणि मी कपाटाच्या खालच्या खणातून काळे बूट काढतो. बुटांवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर. फडक्याने पुसायचं, पॉलिश मारायचं, पाहुण्यांकडे दोन दिवस मिरवायचं आणि परत खणात सारायचं. दसऱ्याला काढावेत तर थर पुन्हा हजर. सात-आठ वर्षं माझं हेच चालू होतं आणि दर वेळी दोष बुटांना: हल्ली चामडंच धड येत नाही, आमच्या वडिलांचे बूट कसे होते, वगैरे.

मी साखळीला राहतो, शाळेत शिकवतो. पायताणांच्या धंद्याशी माझा काही संबंध नाही. पण गेल्या तीन पावसाळ्यांत माझा ट्रेकिंगचा जोड वाटेतच फुटला, मुलाचे खेळायचे बूट कुजल्यासारखे घाण मारू लागले आणि बायकोच्या सँडलचं वरचं कातडं सापाची कात सुटावी तसं सुटलं. तेव्हा बसून एकेक गोष्ट तपासली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या एका मोचीकाकांना पुष्कळ त्रासही दिला. हाती आलं ते एवढंच की आपल्याकडे बूट चालून झिजण्याआधी ठेवून मरतात. म्हणून पुढे बुटांबद्दल जेवढं आहे तेवढंच कपाटाबद्दलही आहे.

पांढरं दिसतंय ते बुरशीच आहे का?

हे आधी बघा. चामड्यावर पांढरं तीन कारणांनी येतं आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

बुरशी असेल तर बूट उजेडात डोळ्यांजवळ तिरका धरल्यावर ती कापसाच्या तंतूंसारखी उभी दिसते. ठिपक्याठिपक्यांनी असते, कधी हिरवट, आणि शिवणीच्या खाचांत नि जिभेखाली जास्त. वास येतोच. दुसरी शक्यता चरबीची. चामडं कमावताना त्यात तेल-चरबी मुरवलेली असते, वरून आपण आणखी काय काय चोपडतो, आणि हवा गार झाली की त्यातलं थोडं वर येऊन थिजतं. हा थर धुरकट, सपाट, बोटाला मेणचट लागणारा. वास नाही, तंतू नाहीत. तिसरं मीठ, घामाचं किंवा समुद्राचं. ओल जिथवर चढली होती तिथे त्याची नागमोडी रेघ उमटते.

खात्री करायला केस वाळवायचा ड्रायर हातभर अंतरावरून दहा-पंधरा सेकंद फिरवा. चरबी असेल तर डोळ्यांदेखत विरघळून नाहीशी होते. मीठ ओल्या फडक्याने जातं आणि वाळल्यावर फिकट रेघ परत दिसते. बुरशी ड्रायरला दाद देत नाही. फडक्याने पुसली जाते आणि आठवड्याभरात परत उगवते.

माझ्या काळ्या बुटांना दोन आजार होते हे असंच कळलं. चवथीला दिसायची ती बुरशी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दिसायची ती चरबी, कारण आईच्या आग्रहाखातर मी बुटांना सढळ हाताने खोबरेल लावत होतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. थंडीत बाटली उन्हात ठेवून आपण तेल पातळ करतो, आणि तेच तेल बुटात जाऊन वेगळं काय करणार, हे मला बरीच वर्षं सुचलं नव्हतं. शिवाय तेलाने चामडं काळवंडतं, जास्त झालं तर ढिलं पडतं आणि सोलचा गोंदही सैल होतो. आईला हे अजून पटलेलं नाही.

बुरशी काढताना

घरात काढू नका. मी सोप्यावर, तेही पंखा बंद करून, नाकातोंडाला रुमाल बांधून बसतो, कारण कोरडा ब्रश मारला की बुरशीची बीजं उडतात आणि ती शेजारच्या जोडावर जाऊन बसतात. नाड्या काढून गरम साबणाच्या पाण्यात टाकायच्या. आतला सोल निघत असेल तर बाहेर. जुन्या टूथब्रशने शिवणी झाडायच्या, वापरलेलं फडकं परत वापरायचं नाही.

मग औषधांच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट. फडकं त्यात नुसतं दमट करायचं, ठिबकेल इतकं नको, आणि बूट आतून-बाहेरून पुसायचा. डाग दिसतो तेवढ्याच जागी पुसून भागत नाही. न दिसणारी बुरशी चारी बाजूंना पसरलेली असते. त्याआधी टाचेच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही, तिथे एक बोट लावून बघा. फडक्यावर रंग उतरला तर स्पिरिट बाजूला ठेवून व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. (आमच्या एका सहकाऱ्याने फेणी सुचवली. तिच्यात अल्कोहोल चाळीस-बेचाळीस टक्क्यांच्या घरात असतं, म्हणजे अगदीच अशास्त्रीय सल्ला नव्हे. पण काजूच्या फेणीचा वास येणारे बूट घालून वर्गात उभं राहायची माझी तयारी नाही.)

पुसल्यावर पूर्ण एक दिवस पंख्याखाली. त्यानंतर पॉलिश. हा एक दिवस मी कायम गाळायचो आणि ओलसर चामड्यावर मेणाचा थर देऊन बुरशीला आत कोंडून ठेवायचो. बुरशीला खायला चामडंच लागतं असं नाही. घाम, धूळ, जुन्या पॉलिशचे थर, सगळं चालतं. म्हणून पावसाळ्याआधी बूट ठेवताना चकचकीत करण्यापेक्षा स्वच्छ करून ठेवणं महत्त्वाचं. बाटलीच्या तोंडाला स्पंज असलेलं झटपट चमकवणारं पॉलिश तर ठेवणीच्या जोडाला लावूच नये. त्याने वर फक्त चकचकीत पापुद्रा बसतो आणि चामड्याला काही पोचत नाही. डबीतलं मेणाचं पॉलिश किंवा क्रीम, पातळ हाताने, बस्स.

स्वेड, म्हणजे मखमलीसारखं लवदार चामडं, असेल तर यातलं काहीच करू नका. कोरडा ब्रश, आणि हट्टी डागाला पेन्सिलीचा खोडरबर.

कपाट: रोग इथे आहे

हवेतली सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावते त्यातली किती टक्के भरलीय ते) ६५-७० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशीला तेवढं पुरतं. गोव्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे चार महिने ही अट आपण घरबसल्या पूर्ण करत असतो.

मी काही शे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक आणला. इतके पैसे मी पॉलिशवर उडवले असतील, त्यापेक्षा याने जास्त शिकवलं. जुलैतल्या एका दुपारी बैठकीच्या खोलीत ८४ टक्के. कपाटाच्या मधल्या खणात ८७. खालच्या खणात, जिथे बूट असतात, ९१. एकाच खोलीत सात टक्क्यांचा फरक! कारण शोधायला हात मागे घातला तर कपाटामागची भिंत गार आणि दमट. चिऱ्यांची भिंत, बाहेरून तिच्यावर पश्चिमेचा पाऊस थेट झोडपतो, आणि कपाट तिला चिकटून उभं. गार भिंतीला लागून हवा गार होते, गार हवेत वाफ कमी मावते, म्हणून आर्द्रता चढते. कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि खाली विटा लावून ते लादीपासून उचललं. दुसऱ्या दिवशी खालच्या खणात ८६. फुकटात पाच टक्के.

८६ सुद्धा जास्तच. इथे जुन्या लोकांची बल्बची युक्ती कामाला येते, आणि ती का चालते हे हिशोबाने बघण्यासारखं आहे. हवेतली वाफ तेवढीच राहिली आणि तापमान २७ अंशांवरून ३२ वर गेलं, तर ८५ टक्क्यांची आर्द्रता जवळपास ६४ वर येते. पाण्याचा एक थेंबही बाहेर काढला नाही, नुसती ऊब दिली. बुरशीच्या हद्दीबाहेर जायला तेवढं पुरे. मी पत्र्याच्या, दारांना फटी असलेल्या कपाटात १५ वॉटचा जुना तारेचा बल्ब जाळीच्या पिंजऱ्यात लावला. एलईडी चालत नाही, तो ऊब देत नाही. बुटांपासून वीतभर तरी अंतर हवं, वर कपडे लोंबत असता कामा नयेत, आणि घरात माणूस असतानाच लावायचा. लाकडी बंद कपाटात, कापडांच्या गराड्यात हा प्रयोग करू नका. त्यापेक्षा बूट फ्रिजच्या मागच्या-बाजूच्या भागाजवळ उघड्या मांडणीवर ठेवा; तिथे ऊब आपोआप मिळते. मुलाचे शाळेचे बूट पावसाळाभर तिथेच असतात. पाहुणे बघतात, आम्ही विषय बदलतो.

आता त्या पुड्यांबद्दल. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची इवलीशी पुडी असते, ती आपण जपून ठेवतो आणि कपाटात टाकून निश्चिंत होतो. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण ३०-३५ टक्के पाणी धरतं. म्हणजे २ ग्रॅमची पुडी अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर. २०० लिटरच्या कपाटातल्या नुसत्या हवेत जुलैत चारेक ग्रॅम पाणी असतं. लाकडात आणि कपड्यांत मुरलेलं वेगळं, आणि दार उघडलं की नवी हवा आलीच. पुडी तासाभरात गार. तिचा उपयोग हवाबंद डब्यातच. पूर्ण वाळलेला जोड, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि ५० ग्रॅमच्या आसपास जेल, असं असेल तर चार महिने काढता येतात. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या, ते भरलं की हिरवट पडतं आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवलं की परत नारिंगी होतं. मात्र जोड जरासुद्धा दमट असताना डबा बंद केला तर बुरशीला तुम्ही स्वतंत्र खोली बांधून दिली असं समजा. शंका असेल तर डबा नकोच.

तांदूळ, मीठ, कोळसा यांच्या वाटीवर माझा विश्वास नाही. कोळसा वास थोडा ओढतो हे खरं. तांदळात टोके होतात.

पुठ्ठ्याचं मूळ खोकं मात्र टाकून द्या. पुठ्ठा ओल पितो आणि बुटाला चिकटवून ठेवतो. ते जपण्याची आपल्याकडे फार हौस.

सोल सुटला: चिकटेल की नाही?

सुर्ल्याच्या बाजूला आम्ही शिक्षकमंडळी पावसात फिरायला गेलो होतो. माझे ट्रेकिंगचे बूट सहा वर्षांपूर्वी घेतलेले, पण मोजून चार-पाच वेळा वापरलेले, बाकी वेळ खोक्यात. गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटांत उजव्या पायाला काहीतरी भुसभुशीत लागलं. वळून पाहिलं तर वाटेवर राखाडी चुरा सांडत आलेला, ओल्या केकसारखा. अर्ध्या तासात तळाचं रबर जिभेसारखं लोंबायला लागलं आणि परत येताना ते नाडीने बांधून आलो.

म्हापशाच्या मोचीकाकांनी बूट हातात घेतला, अंगठ्याचं नख मधल्या थरात रुतवलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. "मास्तर, चिकटवू कशाला? पीठ झालंय याचं," म्हणाले. "पिठाला काय सोल्यूशन लावू?"

हा फरक ओळखणं फार गरजेचं आहे, कारण वरून दोन्ही सोल 'सुटलेले'च दिसतात. एक प्रकार गोंद सुटण्याचा: सोल सबंध निघतो, दोन्ही पृष्ठभाग टणक आणि स्वच्छ असतात, मधे जुन्या गोंदाचा पिवळट पापुद्रा दिसतो. हे दुरुस्त होतं. दुसरा प्रकार पदार्थच मरण्याचा. पुष्कळ बुटांचा मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. हवेतली वाफ वर्षानुवर्षं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहते. याला जलविघटन म्हणतात. बूट वापरा अथवा न वापरा, सर्वसाधारणपणे पाच ते दहा वर्षांत हा थर संपतो. उष्ण-दमट जागेत बंद ठेवला तर लवकर. नखाची चाचणी करा. खड्डा राहिला, चुरा पडला किंवा बोटाला चिकचिक लागली तर गोंदावर पैसे घालवू नका. वरचं चामडं उत्तम असेल तर मोची अख्खा तळ काढून रबराचा नवा बसवून देतो. माझ्या बुटांचं शेवटी तेच झालं. जरा जड झालेत, पण चालतात. रबर आणि ईव्हीएच्या (फेसाळ, हलक्या प्लास्टिकच्या) सोलना हा रोग होत नाही. बऱ्याच जोडांच्या तळावर पीयू, ईव्हीए, टीपीआर (एक प्रकारचं रबर) अशी अक्षरं ठसवलेली असतात. ठेवणीतला जोड घेताना ती वाचा.

गोंद सुटलेला असेल आणि मोचीपर्यंत जाणं होत नसेल तर घरी करता येतं. दोन्ही पृष्ठभागांवरचा जुना गोंद पॉलिश पेपरने खरवडा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या. फेव्हिबाँडसारखा रबरी गोंद दोन्हीकडे पातळ लावा आणि थांबा. सगळे चुकतात ते इथे: गोंद ओला असतानाच दाबून टाकतात. दहा-पंधरा मिनिटांनी, बोट लावलं तर चिकटेल पण गोंद बोटाबरोबर येणार नाही, अशा वेळी जोडायचं. एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून टाचेकडून सुरुवात करून नेमका बसवत जायचा. मग सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापून बूटभर करकचून गुंडाळायची आणि २४ तास हात लावायचा नाही. आर्द्रता जास्त असेल त्या दिवशी गोंद वाळायला उशीर लागतो. थेंबाथेंबाने लावायचा झटपट गोंद सोलला वापरू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि पाऊल वाकलं की तडकतो.

मोचीकडून आणखी एक करून घ्या: आरीने कडेची शिलाई. नुसत्या गोंदावरचा सोल दुसऱ्या पावसाळ्यात सुटतो, मेणाच्या दोऱ्याचे टाके घातलेला माझा जोड पाचव्या वर्षात आहे.

बायकोच्या सँडलचं दुखणंही याच जातीचं. ते चामडं नव्हतंच, कापडावर पीयूचा पापुद्रा होता. तोही असाच मरतो आणि खपल्या सुटतात. यावर उपाय नाही. पॉलिश त्यात शिरत नाही, गोंदाने आणखी घाण होते. दमट फडक्याने पुसत राहा, आणि घेताना कापलेली कड बघा: चामड्याला तंतू दिसतात, याला विणलेलं कापड.

वास: प्लास्टिकच्या पिशवीचा पराक्रम

पावसात स्कूटरवरून जाताना आपण सगळे एकच करतो. पायात रबरी चपला, आणि बूट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून डिकीत. शाळेत पोचून बूट चढवायचे, सुटताना परत पिशवीत. दिवसभराच्या घामाने दमट झालेले बूट, वर गाठ, खाली इंजिनाची ऊब. जिवाणूंना याहून चांगली सोय कुठे मिळणार? माणसाच्या दोन्ही पावलांत मिळून घामाच्या लाखो ग्रंथी असतात. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. कातडीवरचे जिवाणू तो खातात आणि आंबूस आम्लं सोडतात, त्यांचा तो वास. म्हणून वर अत्तर-पावडर शिंपडून काही होत नाही, जिवाणूंना कोरडं पाडावं लागतं.

मी प्लास्टिकऐवजी उशीचा जुना अभ्रा वापरायला लागलो. वरून पिशवी हवीच असेल तर तिचं तोंड उघडं. घरी आल्याबरोबर आतला सोल काढून वेगळा वाळवायचा, कारण ओल सगळी त्याच्याखाली साचते. तो धुता येत असेल तर आठवड्याला धुवा, आणि मेलाच असेल तर नवा आणा. कापडी आणि खेळाच्या बुटांत रात्री खायचा सोडा भुरभुरून सकाळी झाडला तर फरक पडतो. चामड्यात सोडा नको. आणि एकच जोड रोज घालू नका. आत मुरलेला घाम वाळायला पावसाळ्यात एक दिवस आणि एक रात्र पुरत नाही. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून, एकामागून एक वापरले असते त्यापेक्षा जास्त टिकतात.

चिंब भिजलेला बूट वाळवताना वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दर दोनेक तासांनी बदला. बोळा बदलायचा विसरला तर तो ओल शोषायच्या ऐवजी धरून ठेवतो. फिकट अस्तर असेल तर छापील कागदाची शाई उतरते, कोरा कागद घ्या. बूट आडवा ठेवा म्हणजे तळही वाळेल. चुलीजवळ, गॅसवर, इस्त्रीने, कडक उन्हात असलं काही नको. ओलं चामडं तापलं की आकसतं, वाळल्यावर पापडासारखं होतं आणि ते परत मऊ होत नाही.

किनाऱ्यावरून आलेला जोड कधीच वाळत नाही

मिरामारला किंवा मोरजीला फिरून आल्यावर कापडी बूट दिवसभर वाळवले, संध्याकाळी हात लावावा तर परत दमट. हे भूत नव्हे, मीठ आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार कापडात राहतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठसुद्धा वाफ ओढून स्वतः विरघळतं; पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेच. समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याच्या पुष्कळ आधी. म्हणजे खारा बूट वाळवून वाळत नाही, त्याला आधी गोड्या पाण्यात भिजवावं लागतं. कापडी आणि खेळाचे बूट दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढा, मगच वाळवा. वाळू आधी कोरडी झाडा, नाहीतर ती शिवणीत बसून दोरा कापते. चामड्याचा बूट बुडवू नका, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्याने पुसा. नाडीच्या भोकांची धातूची कडी गंजलेली दिसली तर समजा मीठ अजून आत आहे.

लाल चिखल आणि पांढरा बूट

सत्तरी-डिचोलीकडे राहणाऱ्यांना हे सांगायला नको. आपली माती लाल आहे ती लोहाच्या ऑक्साइडमुळे, म्हणजे तो एका अर्थी गंजच. चिखल ओला असताना चोळला की तो विणीत आत जातो. पूर्ण वाळू द्या, आपटा, ब्रशने झाडा, मग साबण. उरलेल्या तांबूस डागावर लिंबाचा रस लावून दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच अजिबात नको. गंजाचा डाग त्याने जात नाही, उलट पक्का बसतो, आणि कड पिवळी पडते ती वेगळीच.

पांढरे कापडी बूट धुतल्यावर पिवळे पडतात ते बहुतेक वेळा साबण पुरता निघाला नाही म्हणून. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला, बुटाला वरून पांढरा टिश्यू पेपर गुंडाळा आणि सावलीत वाळवा. पाणी कागदातून उडतं आणि पिवळेपणा कागदावर राहतो. सकाळी तो कागद सोलून बघायला मजा येते. यंत्रात मात्र टाकू नका, गोंदाचं आयुष्य कमी होतं.

उरलेले

कोल्हापुरी ही पावसात घालायची वस्तूच नाही. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, ते पाणी पितं, फुगतं आणि डाग धरतं. २०१९ साली तिला महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. त्या यादीत गोवा नाही, आणि आपला जुलै बघता बरोबरच आहे. मे संपायच्या आत पुसून, एरंडेलाचं बोट फिरवून, खिळ्याला उघडी टांगा. पेटीत नको. देवळात जाताना ती बाहेर काढून ठेवली आणि सर आली, तर घरी येऊन ती दोन सपाट फळ्यांमध्ये कागद घालून वाळवा, नाहीतर तळ वर वळतो.

रबरी चपलांना तेलाचा हात लावू नका, रबर फुगतं. ईव्हीएची हलकी पायताणं एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत राहिली तर चक्क एक नंबर लहान होतात. आमच्या घरी झालीत, आता धाकटीला येतात. गमबूट धुऊन काठीवर उलटे टांगायचे, पालथे जमिनीवर नव्हे.

ऑक्टोबरात पहिले चार कोरडे दिवस मिळाले की मी अख्खा खालचा खण सोप्यावर मांडतो, मापक बाजूला ठेवतो आणि प्रत्येक जोडाच्या तळात नख रुतवून बघतो. मागच्या खेपेला सात जोडांपैकी एकालाच बुरशी निघाली. तो जोड आईचा होता, आणि त्याला खोबरेलाचा वास येत होता.